गायीचं औषध घोड्याला नको

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जनावरांच्या औषधांच्या दुकानात जा आणि 'गोचिडांचं औषध द्या' म्हणा. दुकानदार फार तर 'गायी किती आहेत, दादा?' एवढं विचारेल आणि फळीवरची बाटली काढून पुढ्यात ठेवेल. त्याचं काही चुकत नाही. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी हा सगळा दुधाचा पट्टा. इथं गोचीड म्हटली की ती गायीचीच. पण त्या गिऱ्हाइकाच्या दारात गायीशेजारी एखादं घोडं बांधलेलं असतं. बादलीत उरलेलं औषध वाया कशाला घालवायचं म्हणून तो तेच घोड्याच्या अंगावर ओततो. मग एक-दोन दिवसांत घोडं वळून वळून पोटाकडे बघायला लागतं, पायानं जमीन उकरतं, बसतं, लोळतं आणि लीद टाकायचं बंद करतं.

बाटलीत अमिट्राझ असेल तर हे असं होऊ शकतं. गाय, म्हैस, मेंढी यांच्यावरची गोचीड घालवायला हे औषध चांगलं आहे, म्हणूनच ते घरोघरी सापडतं. घोड्यात मात्र ते आतड्यांची हालचाल मंदावतं. घोड्याचं मोठं आतडं अवाढव्य आणि वळणावळणाचं. खाल्लेला कडबा तिथं आंबून पचतो. हालचाल थांबली की चारा वळणावर अडतो, सुकतो, तुंबतो. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी १९७९ मध्ये हे नीट तपासून छापलं. तेव्हापासून हे औषध घोड्याला वर्ज्य मानलं जातं. पण बाटलीवरची ती सूचना इतक्या बारीक अक्षरात असते की गोठ्यातल्या उजेडात ती कोणी वाचेल अशी अपेक्षाच धरू नये.

घोड्याच्या अंगावरच्या किडीबद्दल लिहायला बसलं की इथूनच सुरुवात करावी लागते, कारण आपल्याकडे घोड्याचं नुकसान किडीइतकंच गायीवरून काढलेल्या अंदाजानंही होतं. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडी ते सहज पचवते. त्याच्या अगदी थोड्या अंशानं घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी होतात. घोडा म्हणजे कमी दूध देणारी गाय नव्हे, हे ऐकायला विनोदी वाटेल, पण पोत्यातून आणि बाटलीतून त्याला तसंच वागवलं जातं.

त्याचं कारण सरळ आहे. घोडी उरलीत किती? २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडी-तट्टं मिळून ३ लाख ४० हजारांच्या आसपास भरली. २०१२ मध्ये ती सव्वासहा लाख होती. सात वर्षांत जवळपास निम्मी गेली. गाढवांचे हाल त्याहून वाईट, साठ टक्क्यांहून अधिक घट. ज्या जनावराची गिऱ्हाइकंच नाहीत त्याचं औषध दुकानात कशाला असेल, आणि ज्याची केस वर्षात एखादीच येते त्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात तरी कसा बसेल?

तरीही या जिल्ह्याचं घोड्याशी नातं जुनं आहे. दक्षिणेला श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांच्या कडेनं भीमा वाहते. तिच्या थडीवरचं ते भीमथडीचं तट्टू, म्हणजे मराठ्यांच्या धावत्या फौजेचा कणा. त्याच काठावर पेडगावला मुघल सरदार बहादूरखानाचा तळ होता. भीमथडी ही स्वतंत्र जात असल्याची सरकारदरबारी नोंद मात्र अगदी अलीकडची. नगर शहरात १९४८ पासून लष्कराच्या चिलखती दलाचं केंद्र आहे, १९९४ मध्ये तिथं रणगाड्यांचं संग्रहालय झालं. 'पूना हॉर्स'सारख्या पलटणींच्या नावात घोडा अजून आहे, खाली रणगाडा आला. खरी घोडी आज दिसतात ती शिर्डीच्या टांग्याला, लग्नाच्या वरातीत, आणि सगळ्यात जास्त धनगरांच्या वाड्यांवर. पारनेरच्या ढवळपुरी भागातले मेंढपाळ पावसाळा सरला की घाट उतरून ठाणे-भिवंडीच्या बाजूला जातात, तेव्हा पालाचं कापड, भांडीकुंडी, नुकती जन्मलेली कोकरं, करडं आणि कोंबड्या हे सगळं तट्टाच्या पाठीवर असतं. भीमथडी टिकली ती या लोकांमुळे.

आता किडीकडे वळू. अंगावर दिसते ती कीड एकसारखीच वाटते, 'काहीतरी लागलंय' म्हणून आपण मोकळे होतो. पण कोणती कीड कुठं राहते हे कळलं नाही, तर औषध चुकीच्या जागी पडतं. काही घोड्याच्या अंगावरच जन्मतात आणि मरतात. काही भिंतीत राहतात आणि जेवायला तेवढ्या घोड्यावर येतात. काही उकिरड्यात वाढतात. आणि एक तर घोड्याच्या पोटातच आठ-दहा महिने काढते.

गोचिडीपासूनच बघू. आपल्याकडे घोड्यावर मुख्यतः दोन तऱ्हेच्या गोचिडी सापडतात. एक मूळची गुरांची. ती पिल्लू असताना अंगावर चढली की तिथंच कात टाकत मोठी होते, साधारण तीन आठवड्यांनी एरंडीच्या बीएवढी फुगून गळून पडते. गुरांसोबत चरणाऱ्या घोड्यावर ती येते, पण तिचा खरा मुक्काम गायीवर. दुसरीचं नाव हायलोमा. हिचे पाय बघा: लांब, तपकिरी, आणि सांध्यासांध्यावर फिकट पट्टे. ही वाट बघत बसत नाही, जनावराच्या दिशेनं चक्क पळत येते. हायलोमाची एक जात गोठ्यातच संसार थाटते. रक्त पिऊन झालं की उतरते आणि भिंतीच्या भेगेत शिरते. कात तिथंच, अंडी तिथंच. एकेक मादी हजारांनी अंडी घालते आणि मरते. नवी पिढी भुकेली राहून कित्येक महिने त्या भेगेत तग धरते.

नगरकडचे जुने दगड-मातीचे गोठे आठवा. दोन दगडांमधला चिखल सुटलेला, गव्हाणीमागे पोपडे आलेले. दुपारी तिथं बॅटरी मारून पाहिलं तर फटीत करड्या रंगाची रांग दिसते. अशा गोठ्यात बांधलेल्या घोड्याच्या अंगावर कितीही औषध मारा, आठवड्यानं नवी फौज हजर. इथं औषधापेक्षा गवंडी कामाला येतो. माणसाच्या उंचीपर्यंत भेगा बुजवायच्या, वर चुन्याचे दोन हात मारायचे, खालची माती वितभर उकरून बदलायची, आणि गव्हाणीच्या लाकडाच्या फटींवर जाळाचा झोत फिरवायचा, अर्थात जनावर आणि कडबा लांब नेऊन. वाड्यावरच्या धनगराला हा खर्चच नाही. त्याला भिंतच नाही. रोज जागा बदलणाऱ्या बिऱ्हाडामागे भेगेतली गोचीड जाऊ शकत नाही. त्याच्या तट्टाला गोचीड लागते ती शेतात मेंढरं बसवली की त्या शेतकऱ्याच्या गुरांकडून, नाहीतर चरणीच्या झुडपातून.

गोचीड रक्त पिते हे दुखणं लहानच. मोठं दुखणं म्हणजे ती तोंडातून जे सोडते ते. घोड्याच्या तांबड्या पेशींत वाढणारा थायलेरिया इक्वी नावाचा जीव गोचिडीमार्फतच येतो. ताप चढतो, डोळ्यांच्या आतली गुलाबी त्वचा आधी फिकी आणि मग पिवळी पडते, लघवी गडद होते, खाणं सुटतं. एकदा बरं वाटलं तरी तो जीव रक्तात दबा धरून राहतो आणि लग्नसराईत किंवा घाट उतरताना घोडं थकलं की पुन्हा डोकं वर काढतो. 'दरवर्षी याच दिवसांत आजारी पडतं' असं ज्या घोड्याबद्दल मालक सांगतो, त्याचं रक्त तपासून घ्यावं. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, या रोगाच्या चाचण्या तिथं होतात; नमुना पाठवायचं काम गावच्या दवाखान्यातून करता येतं.

गोचीड काढायची कशी यावर गावात मतं फार. बिडीचा चटका, रॉकेलचा थेंब, चिमटीत धरून पिळणं. तिन्हींनी एकच होतं: गोचीड चिडते आणि पोटातलं घोड्याच्या अंगात उलटवते. बारीक चिमट्यानं कातडीला लागून धरायची, सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायची. नखावर फोडायची तर अजिबात नाही. २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो तापानं माणसं दगावली, उपचार करणारे डॉक्टर-परिचारिकाही त्यात गेले. त्या तापाचा विषाणू पसरवते ती हीच हायलोमा.

वाड्यावरच्या कोंबड्या गोचीड टिपतात हे खरं आहे. बसलेल्या तट्टाच्या पायांमधून त्या निवांत चोचीनं वेचत फिरतात, आणि बगळे-साळुंक्याही त्यात वाटा घेतात. पण कोंबडीची बाजू घेताना दुसरी बाजूही सांगायला हवी. कोंबड्यांच्या खुराड्यात एक बारीक लाल किडा असतो, रात्री बाहेर पडून रक्त पितो आणि उजाडायच्या आत परततो. खुराडं तबेल्याला चिकटून असेल तर तो घोड्यावर जातो. घोडं रात्रभर पाय आपटतं, सकाळी अंगावर काहीच सापडत नाही, आणि सगळे म्हणतात, नजर लागली. रात्री दिवा घेऊन बघितलं की नजर कुणाची ते कळतं.

उवांचं मात्र वेगळं. त्यांचं सगळं आयुष्य घोड्याच्या केसांतच जातं. रक्त पिणारी ऊ आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी, कातडीचे कोंडे खाणारी पाठीवर आणि कुशीत. थंडीत केस वाढले की त्यांचं फावतं. घोड्याच्या उवा माणसाला किंवा गायीला धरत नाहीत, गाढवाला मात्र धरतात. त्या पसरतात झूल, खोगिराखालची गादी आणि खरारा यांच्यामार्फत, म्हणूनच वरातीच्या घोड्यांना त्या जास्त. चार घोड्यांचा एकच साज असतो, आणि एका रात्रीत तो दोन वराती करून येतो. औषध लिखांवर चालत नाही, त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरा हात मारावाच लागतो. साज गरम पाण्यानं धुऊन दोन-तीन आठवडे बाजूला ठेवला तर त्यातली ऊ उपाशी मरते.

खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. चेहरा, मान, खांदे इथले केस गळून कातडी जाड-सुरकुती पडली तर तो कातडीत बोगदे खणणारा किडा, आणि तो खरारा करणाऱ्याच्या हातावरही खाज उठवतो. पाय आपटणं, खुरांच्या वरचे केस गळणं असेल तर दुसरा, वरवर राहणारा. दोघांची औषधं सारखी लागू पडत नाहीत, म्हणून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय उपचार म्हणजे अंधारात दगड.

पावसाळा आला की माश्यांचं राज्य. शेपटीखाली आणि जांघेत बसणारी चपटी, चिवट गोमाशी सगळ्यांच्या ओळखीची; चिमटीत दाबली तरी मरत नाही, आडवी पळते. ती अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि पूर्ण वाढ झाली की जन्म देते. पोरं कमी, म्हणून नेटानं रोज हातानं वेचून मारली तरी तिची संख्या घटते. गोठ्यातली चावरी माशी याच्या अगदी उलट. दिसायला घरमाशीसारखी, पण पुढच्या पायांवर बसते आणि सुई टोचल्यासारखी चावते. ती वाढते लघवीनं भिजलेल्या कुजक्या कडब्यात आणि लिदीत, उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी. लीद रोज उचलून लांब पातळ पसरली की आपल्या उन्हात ती एका दिवसात वाळते आणि अळ्या मरतात. तबेल्याच्या दाराशीच उकिरडा ठेवून वर फवारे मारणाऱ्यांनी फवाऱ्याचे पैसे मजुराला द्यावेत.

सगळ्यात वाईट ते मोठे डांस. ते रक्त शोषत नाहीत, कातडी कापून वाहतं रक्त चाटतात. ते इतकं दुखतं की घोडं थरारतं, शेपूट मारतं, आणि डांस अर्धवट जेवण टाकून शेजारच्या जनावरावर जातो. जाताना तोंडाला ओलं रक्त असतं. त्यात ट्रिपॅनोसोम नावाचा सूक्ष्म जीव असला तर तो पोचला. सर्रा हा रोग असा पसरतो. राहून राहून ताप, अशक्तपणा, पोटाखाली आणि पायांवर सूज, मागचं धड डुलायला लागतं. ग्रिफिथ एव्हन्स या इंग्रजी फौजेतल्या पशुवैद्यानं १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा हा जीव पाहिला. ट्रिपॅनोसोममुळे रोग होतो हे जगात पहिल्यांदा दिसलं ते तिथं.

या कहाणीचा एक धागा महाराष्ट्रात आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला राहून राहून ताप यायला लागला आणि त्याच्या रक्तात चक्क सर्र्याचा जीव सापडला. माणसाला हा रोग होत नाही असं तोवर धरून चालत, कारण आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्या जीवाला फोडून टाकतं. या शेतकऱ्याच्या शरीरात ते प्रथिन जनुकातल्या बिघाडामुळे तयारच होत नव्हतं. त्याला आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं सुरामिन देऊन बरं केलं गेलं. एवढ्यावरून घोड्याजवळ जायला घाबरायचं कारण नाही. पण जनावराच्या रक्तानं माखलेले हात धुवायला हे पुरेसं कारण आहे.

ट्रिपॅनोसोम डांसाच्या तोंडात फार वेळ जगत नाही, मोजकी मिनिटं. म्हणून डांसांच्या दिवसांत घोडी एकमेकांपासून लांब बांधली तर फायदा होतो: शेजारी जवळ नसला की डांस परत त्याच घोड्यावर येऊन उरलेलं पोट भरतो. आणखी एक गंमत. हंगेरीतल्या संशोधकांना दिसलं की काळ्या-तांबड्या घोड्यांपेक्षा पांढऱ्या घोड्यांवर डांस बरेच कमी येतात. गडद अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांना ओढतो. २०१९ मध्ये इंग्लंडात घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घालून पाहिली. डांस जवळ आले, पण उतरताना त्यांचा अंदाज चुकत होता, पट्ट्यांवर बसणारे फारच कमी. शिर्डीतल्या एखाद्या टांगेवाल्यानं हे करून बघायला हरकत नाही. डांस कमी झाले नाहीत तरी गिऱ्हाईक वाढेल.

आता चिलटं. मुळा किंवा भंडारदऱ्याच्या पाण्यालगत, ओल्या चिखलात ती वाढतात आणि तिन्हीसांजेला व पहाटे चावतात. काही घोड्यांना त्यांच्या लाळेचं वावडं असतं. असं घोडं आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबाला घासून घासून रक्तबंबाळ करतं, आणि लोक त्यावर खरजेचं औषध चोळत बसतात. चिलटाला जोर नसतो, वाऱ्यात उडता येत नाही. तबेल्यात साधा पंखा संध्याकाळी चालू ठेवला तर निम्मं काम होतं.

आता ती पोटात राहणारी. बॉट माशी म्हणतात तिला. दिसायला मधमाशीसारखी केसाळ, चावायचं तोंडच नाही तिला. काही खात नाही, थोडे दिवस जगते आणि मरेपर्यंत अंडी घालते. घोड्याच्या पुढच्या पायांची आतली बाजू, गुडघा, खांदा इथं बघायचं. उन्हात उभं करून केसांवर तिरकी नजर टाकली की पिवळे ठिपके दिसतात, एकेका केसाला एकेक, जेमतेम सव्वा मिलिमीटर लांब. बोटानं पुसून जात नाहीत, नखानं खरवडावे लागतात. आत अळी तयार होऊन बसलेली असते, पण ती आपणहून बाहेर येत नाही. घोडं पाय चाटतं तेव्हाची जिभेची ऊब आणि ओल लागली की टोपण उघडून ती जिभेला चिकटते. तीन-चार आठवडे जिभेत आणि हिरड्यांत, मग जठरात. तिथं आकडे रोवून आठ-दहा महिने राहते, आणि लिदीबरोबर बाहेर पडून मातीत कोष करते.

या किडीला तिच्याच डावानं फसवता येतं. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात फडकं बुडवून अंड्यांवर दाबून धरायचं. अळीला वाटतं जीभ आली. ती टोपण उघडते आणि बाहेरच मरते. फडकं उकळायचं, हात साबणानं धुवायचे. उरलेली अंडी बोथट सुरीनं केसांच्या दिशेनं खरवडायची. हे काम आठवड्यातून एकदा, खरारा करतानाच होऊन जातं. खरं तर निम्मी कीड खराऱ्यातच सापडायला हवी. खरारा म्हणजे घोडं चकचकीत करणं एवढाच समज झालाय. जुना मोतद्दार खरारा करताना बोटांनी कानाच्या आत, जबड्याखाली, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी चाचपत जायचा. डोळ्यांपेक्षा बोटांना गोचीड आधी सापडते.

पोटातल्या बॉटवर आयव्हरमेक्टिन चालतं. जपानमधल्या मातीच्या नमुन्यातल्या एका जीवाणूपासून हे आलं. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्याबद्दल २०१५ चं नोबेल मिळालं. खणणारा खरजेचा किडा, रक्त पिणारी ऊ आणि बॉट यांच्यावर ते नामी. कोंडा खाणारी ऊ, वरवरचा खरजेचा किडा आणि गोचीड यांच्यावर भरवसा ठेवण्यासारखं नाही. घोड्यासाठी त्याची तोंडातून द्यायची पेस्ट असते. गायीचं इंजेक्शन घोड्याला टोचू नये. टोचल्या जागी जंतू वाढून जीवघेणी सूज आल्याचा अनुभव त्या औषधाच्या सुरुवातीच्या वर्षांतच आला आणि घोड्यांसाठीचं इंजेक्शन अमेरिकेतल्या बाजारातून काढून घेतलं गेलं. पेस्टचा सांडलेला गोळा कुत्र्याला चाटू देऊ नये, आणि औषध दिल्यानंतरची लीद काही दिवस शेणकिड्यांनाही बाधते.

मात्रा ठरते किलोला ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे वजन हवं, आणि तट्टू तराजूत कोण घालणार? शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, आणि ११,८८० नं भागा. घेर १४५ आणि लांबी १३० असलेलं तट्टू साधारण २३० किलो भरतं. त्याला ४६ मिलिग्रॅम औषध लागेल. बाहेरदेशी मोठ्या घोड्यांसाठी बनवलेली नळी ५००-६०० किलोंची असते. ती अख्खी तट्टाच्या तोंडात रिकामी करणारे लोक आहेत.

अंगावरच्या फवाऱ्यासाठी डेल्टामेथ्रिन किंवा पर्मेथ्रिन गटातली औषधं घोड्याला चालतात, पण पातळ किती करायचं हे डॉक्टरांना विचारूनच. १९६२ वर फोन केला तर फिरतं पथक येतं. डोळे-नाक टाळायचं, साजाखालची जागा वाळल्याशिवाय खोगीर टाकायचं नाही, आणि बादली ओढ्यात विसळायची नाही, मासे मरतात. घरगुती उपायांत निंबोळी किंवा करंजाचं तेल पातळ करून लावलं तर माश्या कमी बसतात, याला माझी हरकत नाही. तंबाखूचं पाणी मात्र कातडीतून आत जातं आणि विषबाधा करतं. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, डोळ्यांत गेली तर डोळेही घालवते. आणि ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घोड्याला फासणाऱ्यानं आधी ते स्वतःच्या हातावर लावून दिवसभर उन्हात उभं राहावं.

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, आणि रंगपंचमीच्या सुमाराला तिथं गाढवांचा बाजार लागतो. कोपरगावच्या पलीकडे येवल्यात दसऱ्याच्या दिवसांत घोड्यांचा. दोन्हीकडे वेगवेगळ्या मुलखांतली जनावरं एका दावणीला येतात, आणि सौदा ठरवताना गिऱ्हाईक दात बघतं, पाय बघतं, भोवरे बघतं. तेवढ्यातच आयाळ मुळापासून उलटी करून बघावी, शेपूट उचलावी, कानात बोट घालावं आणि पुढच्या पायांवर उन्हात नजर टाकावी. विकणारा कुरकुरला तर किंमत कमी करायला ते चांगलं निमित्त. घरी आणल्यावर नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधायचं, त्याचा खरारा आणि झूल वेगळी. जिथं बांधलं असेल ती भिंत गिलावा केलेली असावी.